मेलेल्या माकडाची नोंद कुणाच्या वहीत?

प्रिय डॉक्टर,

घरी अजून तुला या नावाने कुणी हाक मारत नसेल. मावश्या-काकवा ‘गुरांची डॉक्टर झालीय’ असं सांगत असतील, तेही आवाज जरा खाली आणून. माझ्या आईने तीस वर्षं तेच केलं. म्हणून मी तरी तुला डॉक्टरच म्हणतो.

तू पाठवलेलं सादरीकरण दोनदा पाहिलं. पहिल्याच पानावर तीन वर्तुळं आहेत: माणसांचं, जनावरांचं, पर्यावरणाचं. तिन्ही जिथे एकमेकांवर चढतात तिथे पाकळीएवढी जागा उरते आणि तीत ‘वन हेल्थ’ लिहिलंय, म्हणजे तिन्हींचं आरोग्य मिळून एकच. चित्र छान आहे, जगभर हेच काढतात. माझी नोकरी बरीचशी त्या पाकळीत गेली. तिथे बसायला खुर्ची नव्हती, एवढंच सांगतो. खुर्च्या सगळ्या वर्तुळांत असतात.

तुझा प्रश्न सरळ होता. दिल्लीला राष्ट्रीय वन हेल्थ मिशनच्या कामावर सल्लागार म्हणून जाऊ, की जिल्ह्यात रोगसर्वेक्षणाचं काम घेऊ? उत्तर आधीच देतो, म्हणजे बाकीचं पत्र निवांत वाचशील. आधी जिल्हा. निदान दोन काजूचे हंगाम. असं का, ते सांगायला मात्र वेळ लागेल.

त्याआधी नावाची एक गंमत. आमच्याकडे एका ग्रामसभेत मी ‘वन हेल्थ’ समजावून सांगत होतो. अर्ध्या तासाने सरपंच उठून म्हणाले, ‘डॉक्टर, ही फॉरेस्टवाल्यांची स्कीम असेल तर आधी आमच्या काजूच्या बागांचं नुकसान कोण देणार ते सांगा.’ त्यांनी ‘वन’ म्हणजे रान घेतलं होतं. मी हसलो, घरी येईपर्यंत हसू गेलं. त्यांना जे ऐकू आलं त्यात फारसं चुकलेलं नव्हतं. ‘एक आरोग्य’ हा शब्द कागदावर ठीक, तोंडात बसत नाही. तू ज्या गावात जाशील तिथे नाव न घेताच काम सुरू कर.

ही कल्पना बाहेरून आली, असं तुझ्या चौथ्या पानावर आहे. २००४ ची मॅनहॅटन तत्त्वं, मग जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना, जागतिक पशुआरोग्य संघटना आणि शेवटी पर्यावरण कार्यक्रम, असा चौघांचा मेळ. बरोबर आहे. पण आपल्या राज्यघटनेची सातवी अनुसूची काढून बघ. समवर्ती सूचीतली २९ वी नोंद अशा आशयाची आहे: माणसं, प्राणी किंवा वनस्पती यांना होणारे संसर्गजन्य रोग आणि किडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे. माणूस, प्राणी, वनस्पती, तिन्ही एका ओळीत, तेही १९५० पासून. मला ही ओळ निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सापडली आणि स्वतःचाच राग आला.

आता त्याच अनुसूचीची दुसरी पानं उलट. सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत सहाव्या नोंदीवर. पशुरोगांचा प्रतिबंध राज्यसूचीतच, पंधराव्या नोंदीवर. वनं आणि वन्यप्राणी १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. कायदेही तीन तऱ्हांचे: माणसांसाठी १८९७ चा साथरोग कायदा, वन्यजीवांसाठी १९७२ चा, जनावरांच्या सांसर्गिक रोगांसाठी २००९ चा. गाय, माकड आणि माणूस एकाच गोचिडीने आजारी पडले तर तीन कायदे, तीन खाती आणि तीन वह्या उघडाव्या लागतात.

१८९७ च्या कायद्याची गोष्ट तर आपल्या घरचीच. मुंबईत मांडवीला १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी घाईघाईने कायदा झाला, अवघ्या चार कलमांचा. त्यात माणसं तपासायची सोय आहे, जहाजं अडवायची आहे, रेल्वेचे प्रवासी उतरवायची आहे. उंदराचं नाव नाही. पिसू आणि उंदीर यांचा दुवा पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला, पण घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, हे लोकांना आधीच ठाऊक झालं होतं. वर्दी उंदरांनी दिली, सरकारने माणसं धरली. पुण्यात त्याचं पुढे काय झालं ते तुला शाळेतच शिकवलंय.

आता माकडाकडे येतो, कारण तुझ्या जिल्ह्यात तुझी खरी परीक्षा तेच घेणार आहे.

क्यासनूर जंगलातला ताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात सापडला. आधी रानात माकडं मेली, मागोमाग माणसं तापाने पडू लागली. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, विषाणू शोधला आणि तो गोचिडीतून येतो हेही दाखवलं. पुढे कित्येक दशकं तो कर्नाटकातल्या मोजक्या तालुक्यांपुरता राहिला. मग सह्याद्री धरून वर-खाली सरकला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीतल्या पाळी गावात काजूच्या बागेत राबणाऱ्यांना झाला. २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात आला, नंतर बांद्याकडे. आमच्याकडे त्याला माकडताप म्हणतात. शंभर आजाऱ्यांत तीन ते पाच जण दगावतात. या रोगावर नेमकं औषध नाही. जुनी लस फारशी उपयोगी पडत नाही म्हणून कर्नाटकाने थांबवली.

हंगाम नीट समजून घे. या गोचिडीची पिल्लं डिसेंबर ते मे या काळात अंगाला चिकटतात. टाचणीच्या डोक्याएवढी असतात, दिसतही नाहीत. आणि नेमक्या याच महिन्यांत माणूस रानात असतो: पाचोळा गोळा करायला, जळण आणायला, काजू वेचायला. काजूची बी खाली पडते, ती पाचोळ्यातून हाताने उचलावी लागते. पहाटे बायका वाकून हे काम करतात. गुरं रानात चरायला जातात, मोठ्या गोचिडी त्यांच्या रक्तावर पोसतात आणि गुरांबरोबर गोठ्यापर्यंत येतात. गायीला फारसं काही होत नाही. म्हणून आपल्या खात्याच्या नोंदीत हा रोगच नाही! गाय आजारी नाही तर पशुवैद्याने दखल का घ्यावी? गोचिडींची संख्या मात्र गायीच वाढवतात. जंगल तोडून बाग केली, बागेच्या कडेला गुरं सोडली, त्यातून माणसाची आणि गोचिडीची वाट एक झाली. यातलं कुठलं वर्तुळ कुठे संपतं, ते मला तुझ्या चित्रावर दाखव.

माकड मेलं की त्याचं अंग थंड पडतं आणि गोचिडी उतरतात. ती जागा काही दिवस धोक्याची राहते. तेव्हा मेलेलं माकड ही या रोगाची पहिली चिठ्ठी. ती चिठ्ठी कुणाच्या हातात पडते?

एक प्रसंग सांगतो, गावाचं नाव राहू दे. एका वाडीच्या वरच्या अंगाला माकड मरून पडलेलं गुराख्याने पाहिलं. गावाने ते मारुतीचं म्हणून उचललं, गुलाल टाकला, टाळ वाजवत नेऊन पुरलं. वनरक्षकाला कळलं, त्याने वहीत ‘नैसर्गिक मृत्यू’ लिहिलं. वन्यप्राण्याला त्यांच्या परवानगीवाचून हात लावता येत नाही, त्यामुळे शवविच्छेदनाला मला बोलवायचं तर ते त्यांनीच. त्यांनी बोलावलं नाही. मीही विचारलं नाही, कारण माझ्या महिन्याच्या तक्त्यात माकडाचा रकाना नव्हता. आरोग्यसेविकेने त्याच वाडीत आठवड्याभरात तापाचे चार रुग्ण लिहिले, मलेरियासाठी रक्त घेतलं, नकारार्थी आलं. तिच्याही फॉर्मवर माकडाचा रकाना नव्हता. मला हे सगळं कळलं ते अकराव्या दिवशी, चहाच्या टपरीवर. तिघांच्याही वह्या अगदी पूर्ण होत्या. ऑडिटला एक शंका निघाली नसती.

त्या टपरीवरच मी वनपालाचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा नंबर घेतला. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. हे सांगायला लाज वाटते.

पुढे आमच्यात एक साधा अलिखित करार झाला. माकड, वानर, कावळे, काहीही अचानक मेलं तर दिसणाऱ्याने तिघांना फोन करायचा, वरिष्ठांना कळवायच्या आधी. उचलायचं नाही, पुरायचं नाही, जागेभोवती दोरी बांधायची. धुरळणी, अंगाला लावायचं तेल, वाडीत ताप तपासणी, हे त्याच दिवशी सुरू. लोक पूजा सोडणार नाहीत, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. देवळातल्या गुरवालाच विश्वासात घेतलं. त्याने सांगितलं, मारुतीला लांबून नमस्कार चालतो. मला जे आठ पत्रकांनी जमलं नव्हतं ते त्या एका वाक्याने झालं. राष्ट्रीय धोरणात ‘जोखीम संवाद’ असं जे प्रकरण असतं ना, ते हे.

आता राष्ट्रीय मिशनबद्दल. ते थोडक्यात, कारण तुला माझ्याहून जास्त पाठ आहे. २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या विज्ञान-तंत्रज्ञान सल्लागार परिषदेने मान्यता दिली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मिशन संचालकाचं पद मंजूर केलं. तेरा मंत्रालयं आणि खाती त्यात आहेत. आपल्याकडे बाराभाईंचा कारभार प्रसिद्ध आहे, इथे एक भाऊ वर. पण थट्टा इथेच थांबवतो, कारण यातलं एक काम मला मनापासून पटलं. ऑगस्ट २०२४ मध्ये राजस्थानात अजमेर जिल्ह्यात ‘विषाणू युद्ध अभ्यास’ नावाची रंगीत तालीम झाली. रोग खोटा, धावपळ खरी. माणसांचे डॉक्टर, पशुवैद्य, वनखातं सगळ्यांना एकत्र पळायला लावलं आणि कोण कुठे अडखळतं ते बघितलं. दहा परिषदांपेक्षा अशी एक तालीम मी केव्हाही घेईन. जिल्ह्यात गेलीस की तुझ्यापुरती छोटी तालीम कर. एका तालुक्यात, एक दिवस, कोणाला न सांगता. अर्थात जिल्हाधिकाऱ्यांना सांगून, नाहीतर बदली होईल.

नागपूरचीच दुसरी गोष्ट. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केलं: बर्ड फ्लू, एच५एन१. वन हेल्थची राष्ट्रीय संस्था ज्या शहरात उभी राहते आहे, त्याच शहरात कोंबड्यांचा रोग वाघापर्यंत पोचला. पुढच्याच महिन्यात, जानेवारीत, उदगीरला कावळे पडले, तेही एच५एन१ नेच. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नशीब म्हणायचं.

बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा आला तो आपल्याच राज्यात, फेब्रुवारी २००६, नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. आधी सगळ्यांना वाटलं राणीखेत आहे, म्हणजे मानमोडी. कोंबड्यांत मर नेहमीचीच. आणि समजा, पोल्ट्रीवाल्याला शंका आलीच, तर त्याने काय करावं? तो कळवतो, मग आपण जातो, पांढरे सूट घालून त्याचा अख्खा शेड मारतो, आसपासच्या शेडही मारतो, बाजार बंद करतो, शेजारी त्याला शिव्या घालतात. भरपाई पक्ष्याची मिळते, तीही यथावकाश. रिकाम्या शेडच्या महिन्यांची, बँकेच्या हप्त्याची, तुटलेल्या गिऱ्हाइकाची नाही. कळवणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला निदान थोडा वेळ, अशी ही रचना आहे. धोरणाचा मसुदा तुझ्यापुढे येईल तेव्हा ‘सर्वेक्षण बळकट करणे’ या ओळीखाली पेन्सिलीने लिही: भरपाई किती दिवसांत? माझ्या मते तोच आकडा खरा सर्वेक्षण निर्देशांक आहे. प्रयोगशाळा कितीही भारी बांधा, नमुना शेतकऱ्याच्या मर्जीवर येतो.

आता माझं एक पाप. हे मी फार जणांना सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकात डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन आलं. स्वस्त, आणि गुण लगेच. बैलाचा खांदा सुजला, पाय मुरगळला, म्हातारी गाय उठेना, टोच. सकाळी टोचलेला बैल संध्याकाळी उभा राहायचा आणि शेतकरी हात जोडायचा. शेवटच्या दुखण्यातल्या जनावरालाही द्यायचो, त्याच्या यातना कमी व्हाव्यात म्हणून. मेलं की मालक ते गावाबाहेर टाकायचा. गिधाडं यायची. मग एका वर्षी कमी आली. मग आलीच नाहीत. माझ्या लक्षातही आलं नाही. मेलेलं ढोर कुजत पडलंय, कुत्री वाढलीत, एवढं दिसत होतं. का, ते विचारलं नाही.

२००४ मध्ये कारण सिद्ध झालं. डायक्लोफेनॅक असलेलं मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. शंभरात एखाद्या मेलेल्या जनावरात जरी ते औषध असलं, तरी सारी जात संपायला पुरतं. आपल्या तीन प्रमुख जाती पंधरा-वीस वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त गेल्या. मी किती बैलांना टोचलं याचा हिशेब नाही.

पण तुला हे सांगतोय ते पश्चात्तापासाठी नाही. पुढचा भाग धोरणाचा आहे आणि तो बारकाईने बघ. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. औषध नियंत्रणाचं काम आरोग्य मंत्रालयाकडे, औषध वापरणारे पशुसंवर्धनवाले, वाचवायचा पक्षी पर्यावरणवाल्यांचा. तिन्ही वर्तुळं एका आदेशात आली. उत्तम. मग झालं काय? माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक मोठ्या, अनेक मात्रांच्या कुप्यांत मिळतच होतं. माणसाला तीन मिलिलिटर पुरतं, तीस मिलिलिटरची कुपी बैलाच्या मापाची! ती कुणासाठी विकली जात होती हे औषधाच्या दुकानातला पोऱ्यासुद्धा सांगू शकला असता. ती फट बुजायला नऊ वर्षं लागली. २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपी एका मात्रेपुरती केली. मग दुसरी फट. एसिक्लोफेनॅक बाजारात होतं, ते गायीच्या अंगात गेलं की डायक्लोफेनॅकच होतं. ते आणि गिधाडांना तसंच घातक असलेलं कीटोप्रोफेन बंद झालं २०२३ मध्ये. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय या सगळ्या काळात उपलब्ध होता.

म्हणजे बंदी बरोबर होती आणि तरी सतरा वर्षं गळत राहिली, कारण माणसांच्या औषधाची कुपी जनावरांच्या खात्याच्या हातात नव्हती. अलीकडे दोन अर्थशास्त्रज्ञांनी असा अंदाज मांडला की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जास्तीची माणसं दगावली: सडणारी मढी, नासलेलं पाणी, वाढलेली कुत्री. हा हिशेबी अंदाज आहे, मोजणी नव्हे. भाषणात वापरलास तर तसं सांगून वापर. मी तो आकडा वाचला त्या रात्री झोपलो नाही, हे मात्र खरं.

कोलिस्टिनचंही असंच आहे, ते भरभर सांगतो. माणसांच्या अतिदक्षता विभागात जे प्रतिजैविक शेवटचा आसरा म्हणून राखून ठेवायचं, ते आपण कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढावं म्हणून घालत होतो. जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी बंद केलं. प्रतिजैविक-प्रतिरोधाचा पहिला राष्ट्रीय आराखडा २०१७ चा, दुसरा नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. वाचताना एकच बघ: कुठल्या कामापुढे कुठल्या खात्याचं नाव आणि पैसा लिहिलाय. जिथे ‘सर्व संबंधित विभाग’ असं लिहिलंय तिथे काही होणार नाही.

जमलेलं उदाहरण हवं असेल तर शेजारीच गोवा आहे. २०१४ पासून सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून कुत्र्यांना लस टोचायला घेतली. हातजाळी घेऊन वाडीवाडीत, दरवर्षी निदान सत्तर टक्के कुत्री, प्रत्येक टोचणीची मोबाइलवर नोंद. शाळेत मुलांना धडे, आणि कुत्रा चावला तर कळवायला एक ठिकाण. जून २०२१ मध्ये राज्याने रेबीज-नियंत्रित असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मागच्या तीन वर्षांत एकही माणूस रेबीजने गेला नव्हता. माणूस वाचवायला पैसा कुत्र्यावर खर्च केला. हे वाक्य आरोग्य खात्याच्या वित्त अधिकाऱ्यापुढे म्हणून बघ, चेहरा कसा होतो ते कळव. देशाचा आराखडाही सप्टेंबर २०२१ मध्ये आला, २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजने माणूस मरू नये म्हणून. पण आज देशात वर्षाला किती माणसं रेबीजने मरतात, याचेच दोन हिशेब आहेत. जुना अंदाज अठरा ते वीस हजार, अलीकडचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणाचा पाच हजार सातशेच्या आसपास. दोन्ही प्रामाणिक माणसांनी काढलेत. मरण मोजायचं कुणी, हे ठरलेलं नव्हतं.

माझ्या स्वतःच्या अंगावरची गोष्ट राहिलीच. नोकरीच्या सहाव्या वर्षी मला ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामाने गादी भिजायची, सांधे असे दुखायचे की पायरी चढवेना. टायफॉइड म्हणून दोनदा उपचार झाले. तीन महिने. एकाही डॉक्टरने विचारलं नाही की तुम्ही काय काम करता. शेवटी कॉलेजातला जुना मित्र भेटायला आला, माझ्याकडे बघून म्हणाला, ‘अरे, वार काढताना हातमोजे घालतोस का?’ नव्हतो घालत. गाभडलेल्या म्हशींची वार मी उघड्या हातांनी काढत होतो, सगळेच काढत होते. ब्रुसेला निघाला, गाभडलेल्या जनावराच्या वारेतून माणसाला लागणारा जिवाणू. सहा आठवडे गोळ्या.

यात मला डॉक्टरांचा राग नाही. त्यांच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा रकाना होता, मी त्यात ‘सरकारी नोकरी’ लिहिलं होतं. म्हणून तुला सांगतो, जिल्ह्यात गेल्यावर पहिल्या महिन्यात कुठलंही प्रशिक्षण घेऊ नकोस. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांबरोबर ओपीडीत दोन दिवस बस. त्यांना विनंती कर की बरेच दिवस ताप असलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारावेत: घरात जनावरं आहेत का, आणि त्यांतलं कुठलं गाभडलं किंवा मेलं का? बदल्यात ते तुला विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं दे. त्यांना गोचीड कशी काढायची हेसुद्धा माहीत नसतं, आपल्याला रक्तदाब कसा मोजायचा हे जेमतेम आठवतं. लाजू नका एकमेकांना.

वनखात्याशी वेगळ्या तऱ्हेने वागावं लागेल. त्यांना आपण नेहमी काहीतरी मागायला जातो: परवानगी, गाडी, मढं. एकदा काहीतरी द्यायला जा. वनरक्षक हंगामभर रानात हिंडतो, त्याच्या पायाला गोचिडी सगळ्यांच्या आधी लागतात. त्याची आणि त्याच्या घरच्यांची रक्ततपासणी करून दे. मग माकड मेलं की तुझा फोन आपोआप वाजेल.

आणि दिल्ली? जा, अवश्य जा, पण दोन हंगामांनंतर. तेव्हा तुला ठाऊक असेल की नमुना पुण्याला पोचवायला थर्मोकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या, डिझेल आणि रविवारी ड्युटीवर यायला तयार असलेला ड्रायव्हर लागतो. यातल्या एकाचंही नाव मी आजवर कुठल्या राष्ट्रीय दस्तऐवजात वाचलेलं नाही. मी कितीतरी नमुने एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवलेत, ‘आंब्याची पेटी’ म्हणून नव्हे, खरं सांगून. एकाने कधी नाही म्हटलं नाही. त्या समितीत बसशील तेव्हा त्या डब्यासाठी तालुक्याला वर्षाचे पन्नास हजार वेगळे माग. कोटींच्या आकड्यांत ते कुणाला दिसणार नाहीत, सहज मंजूर होतील.

आणखी एक. बैठकीत तू बहुधा एकटी पशुवैद्य असशील, त्यातही मुलगी. पहिल्यांदा चहा कुणी आणायचा यावर तुझ्याकडे बघतील. दुसऱ्यांदा तुझं मत विचारायचं विसरतील. रागावू नकोस असं म्हणणार नाही, रागाव. फक्त त्या दिवशीचा आकडा तुझ्याकडे असू दे: या आठवड्यात कुठे काय मेलं. तो आकडा टेबलावर दुसऱ्या कुणाकडे नसेल.

इथे काजूला मोहर आलाय. काल वनपालाचा फोन आला होता. मी निवृत्त झालो हे तो दरवर्षी विसरतो. खालच्या वाडीजवळ वानर मेलंय म्हणाला, पण विजेच्या तारेला चिकटून. तरी दोरी बांधली आहे आणि आरोग्य केंद्रात सांगितलंय. मी नव्या डॉक्टरीणबाईंचा नंबर त्याला दिला.

तुझा,
काका

ता.क. रेबीजची आगाऊ लस घेतलीस का? रुजू व्हायच्या आधी पूर्ण कर, खात्याकडून मिळेल म्हणून थांबू नकोस. आणि येताना कोपरापर्यंतचे लांब हातमोजे दोन खोकी घेऊन ये, इथल्या दवाखान्यात संपलेत.